भावाच्या मजल्याच्या सळया

आमच्या गच्चीवर येणारा प्रत्येक जण सोलरची पॅनेल बघून एकच वाक्य बोलतो. "जागा काय मस्त मिळाली हो तुम्हाला! दिवसभर ऊन, कुठं सावली म्हणून नाही." मी हसते आणि चहाचं विचारते, पण आतून माझं डोकं तापलेलं असतं. मिळाली म्हणे! मिळायला काय ती लॉटरी होती?

आमचं घर दापोडीत, रेल्वेच्या रुळांपासून दोन गल्ल्या आत. खाली खोल्या, वर गच्ची. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ते फाउंड्रीतल्या ओव्हरटाइमवर बांधलं. त्यांची सगळी नोकरी वाळूच्या साच्यांच्या खात्यात गेली. कंपनीने निरोपाच्या दिवशी शाल-नारळ दिला आणि वाळूची धूळ मात्र कायमची त्यांच्या छातीत ठेवली. आधी खोकला आला, मग धाप, आणि आता नाकात नळी आहे. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन असतं. ते हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करून देतं, पण त्याला वीज लागते, आणि रात्रंदिवस लागते. घुर्र-फुस्स, घुर्र-फुस्स असा त्याचा आवाज चालू असतो. तो थांबला की मी हातातलं असेल ते टाकून पळत येते.

घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी सासर सोडून आले त्यालाही जमाना झाला. तळवड्याला एका छोट्या युनिटमध्ये मी तपासणीला आहे. मशीनवरून आलेल्या पार्टला गेज लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. माझा धाकटा भाऊ म्हणतो, ताईनं माणसांनाही गेज लावायला सुरुवात केलीय. म्हणू दे. मी कामावर असते तेव्हा शेजारच्या मावशी अण्णांकडे लक्ष ठेवतात, आणि गुरुवारी मी घरी असते.

गुरुवार ही आमच्या भागातली सुट्टी. आमच्याकडचे बरेचसे कारखाने त्या दिवशी बंद असतात, म्हणून तारांची, ट्रान्सफॉर्मरची दुरुस्तीही त्याच दिवशी काढतात. मोबाइलवर मेसेज येतो, सकाळपासून अमुक वेळेपर्यंत लाइट जाईल. ती कधी वेळेत येते, कधी संध्याकाळ करते. पूर्वी लाइट गेली की आम्ही हातपंखे घेऊन ओट्यावर बसायचो, गप्पा व्हायच्या. आता लाइट जाते म्हणजे माझ्या बापाचा श्वास जातो. जुन्या इन्व्हर्टरवर मशीन दुपारपर्यंतही टिकत नव्हतं. कोपऱ्यात एक छोटा सिलिंडर होता, पण त्याचा काटा बघता बघता खाली यायचा. प्रत्येक बुधवारी संध्याकाळी मी तो काटा पुन्हा पुन्हा जाऊन बघायचे.

भावाला हे माहीत नव्हतं असं नाही. तो लग्नानंतर पुनावळ्याला फ्लॅट घेऊन गेला. चाकणला मोठ्या कंपनीत सुपरवायझर आहे. त्याच्या सोसायटीला जनरेटर आहे, तिथं लाइट गेलेली लोकांना दुसऱ्या दिवशी कळते. "गुरुवारपुरतं अण्णांना तिकडं ने" असं मी म्हणून बघितलं. अण्णाच अडून बसले. "माझं घर सोडून मी कुठं जायाचा न्हाई." मग "तू तरी येत जा" म्हटलं, तर कधी हायवेला ट्रॅफिक, कधी नाइट करून आलोय, कधी पोराची परीक्षा. पोरगं बालवाडीत आहे.

म्हणून सोलर बसवायचं मी ठरवलं. हे मीच ठरवलं, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आता भाऊ सगळ्यांना "आम्ही बसवलं" असं सांगतो.

वैशाखात सोलरवाला जागा बघायला आला. भाऊही आला, कारण अण्णांचं म्हणणं पडलं की अशा व्यवहारात गडीमाणूस पाहिजे. सोलरवाला माझ्याकडे बघून नमस्कार करून थेट भावाशी बोलायला लागला.

"भाऊ, लाइटबिल दाखवा. बिलावरून आपण पॅनेल काढू. बिल शून्य करून देतो बघा."

"बिल ठेवा बाजूला," मी म्हणाले. "आधी ते मशीन बघा."

मी मशीन फिरवून त्याच्या मागची पट्टी त्याला दाखवली. तासाला किती वीज खातं ते तिथं लिहिलेलं आहे. माझा हिशोब मी आधीच केलेला होता. मशीन, एक पंखा, एक दिवा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बाकी घर अंधारात राहिलं तरी चालेल, फ्रिजमधलं दूध नासलं तरी चालेल. मग मी त्याला एकच प्रश्न विचारला. "लाइट गेल्यावर तुमचं हे चालेल का?"

तो उत्तर द्यायला भावाकडे वळला. "नाही, म्हणजे बिलवाली जी सिस्टीम असते ना, ती लाइनला जोडलेली असते. लाइन बंद झाली की तीही बंद होते. खांबावर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून."

"म्हणजे गुरुवारी वर ऊन असणार, वर पॅनेल असणार, आणि खाली मशीन बंद?"

"हो. तसंच."

"पण ताई, बिल झीरो येईल!" भाऊ म्हणाला.

"बिल झीरो आणि बाप झीरो," मी म्हणाले.

शेवटी बॅटरीवाली सिस्टीम ठरली. लाइट गेली की सकाळचा भार बॅटरीनं उचलायचा, आणि ती उतरायच्या आत दुपारच्या उन्हानं हात द्यायचा. त्यासाठी चार पॅनेल लागणार होती. तोपर्यंत सगळं ठीक होतं. मग पॅनेल बसवायची कुठं हा प्रश्न आला, आणि सळया आडव्या आल्या.

दापोडीत कुठल्याही गच्चीवर जा, कॉलमच्या सळया वर निघालेल्या दिसतील. बाहेरच्या माणसाला वाटतं, बांधकाम अर्धवट राहिलंय. अर्धवट कसलं, ती वाटणी आहे. खालचा मजला बापाचा, वरचा मुलाचा, आणि तो चढेपर्यंत सळया राखून ठेवायच्या. आमच्या घराचा मागचा भाग नंतर वाढवला, त्यामुळे सळया आहेत त्या गच्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात, दक्षिणेकडे. कमरेइतक्या उंच, टोकांना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घातलेल्या, म्हणजे कुणाला लागायला नकोत. दर वर्षी पावसाळ्याआधी अण्णा त्यांना लाल रंग द्यायचे. "गंज खाली उतरतो, कॉलम खातो." धाप लागायला लागल्यावर ब्रश माझ्या हातात आला. ते खाटेवरून विचारायचे, बुडापर्यंत लावलास का, आणि मी वाकून बुडापर्यंत लावायचे. ज्या मजल्यात माझ्या नावाची एक खोली नाही, त्याच्या सळया मी वर्षानुवर्षं रंगवत होते.

सोलरवाल्यानं वर येऊन गच्ची पायांनी मोजली. "बेस्ट जागा ही," तो पुढच्या भागात उभा राहून म्हणाला. "दक्षिणेला तोंड, मध्ये काही नाही. फक्त या सळया कापाव्या लागतील. नाहीतर त्यांची सावली पडणार आणि स्टँडचे पायही नीट बसणार नाहीत."

"कापायच्या?" भाऊ म्हणाला. "मग मजला कसा चढवणार?"

"कधी चढवणार आहेस?" मी विचारलं.

"कधी म्हणजे... लॉजिकली बघ ना ताई. पुढंमागं लागलाच तर?"

पुढंमागं! पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये त्यानं फर्निचर करून घेतलंय, पोराचं नाव तिथल्या शाळेत घातलंय, आणि मजला दापोडीत लागणार! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ती ही अशी. मी खाली जाऊन अण्णांना सगळं समजावून सांगितलं. त्यांच्यासाठीच तर चाललं होतं हे. अण्णांनी नळी सारखी केली, दोन श्वास घेतले आणि म्हणाले, "सळयांना हात लावायचा न्हाई. पोराच्या हायेत त्या."

ज्याचा श्वास अडकलाय तोच माणूस श्वासाची जागा दुसऱ्यासाठी राखून बसलेला.

मग पॅनेल मागच्या भागात बसवायचं ठरलं, उत्तरेला. गच्चीच्या मधोमध जिन्याची खोली आहे, तिच्यावर पाण्याची टाकी. मी म्हणाले, "इथं नको. दिवाळीनंतर या कोपऱ्यात टाकीची सावली येते. माझी ओढणीसुद्धा इथं वाळत नाही."

सोलरवाल्यानं वर बघितलं. वैशाखातलं दुपारचं ऊन, सूर्य थेट डोक्यावर. सावली कुठं? टाकीची सावली टाकीच्या पायाशीच पडलेली. "मॅडम, सगळीकडे ऊन आहे की," तो म्हणाला. भाऊ हसला. "ताईच्या ओढणीवर आता सिस्टीम डिझाइन करायची का?" दोघेही हसले. मी चहा करून आणणार होते, तो केला नाही.

स्लॅबला बोल्ट मारले, लोखंडी स्टँड उभा राहिला, चार पॅनेल चढली. उन्हाळाभर ती उत्तम चालली, हे कबूल करायला हवं. गुरुवारी लाइट जायची आणि मशीनचा आवाज तसाच चालू राहायचा. भाऊ दर वेळी फोन करून विचारायचा, "काय ताई, वाळतेय ना ओढणी?" पावसाळ्यात जरा ओढाताण झाली, पण कशीबशी निभावली.

मग मार्गशीर्ष आला. गल्लीत गुरुवारचे उपवास सुरू झाले, शेजारच्या मावशींच्या दारात रांगोळ्या पडायला लागल्या. आम्ही बौद्ध, आमच्याकडे घट नसतो, पण मावशी प्रसाद न चुकता पाठवतात. अशाच एका गुरुवारी सकाळी लाइट गेली. दुपारी येणार होती. दुपार झाली, नाही आली. आणि जेवणानंतर भांडी घासताना मला मशीनची शिट्टी ऐकू आली. बॅटरी संपल्याची शिट्टी.

मी धावत आले. आवाज थांबलेला. अण्णा खाटेच्या कडेला बसलेले, कोपर गुडघ्यांवर टेकवलेले, खांदे वरखाली होत होते. ओठांचा रंग बदलायला लागला होता. मी सिलिंडर ओढला, नळी जोडली, पाठीवर हात ठेवून बसले. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. हळूहळू रंग परत आला. बोलता यायला लागल्यावर ते म्हणाले, "वर... जाऊन बघ. धूळ बसली आसंल."

मावशींना हाक मारून त्यांच्याजवळ बसवलं आणि मी वर गेले. धूळ नव्हती. काचा मी कालच पुसल्या होत्या. जिन्याच्या खोलीची आणि टाकीची सावली पॅनेलांवर तिरकी पसरली होती. चारपैकी दोन पूर्ण सावलीत, आणि दोन सावलीत गेली की जोडलेली सगळी रांगच बसते. मी टाकीला वळसा घालून पुढच्या भागात आले. तिथं लख्ख ऊन होतं. माझ्या हातानं रंगवलेल्या सळया डोक्यावर बाटल्या घेऊन त्या उन्हात उभ्या होत्या. पॅनेलला सावली आणि सळयांना ऊन! सासर सोडून आल्यापासून मी त्या घरात कधी रडले नव्हते, तेव्हाही रडले नाही. मला इतका राग आला की पायातली चप्पल काढून मी एका सळईवर फेकून मारली.

लाइट आली तेव्हा सिलिंडरचा काटा लाल पट्टीत होता. मशीन पुन्हा घुरघुरायला लागलं. मावशी घरी गेल्या. अण्णा उशीला टेकले. मी त्यांच्या खाटेखालून त्यांची हत्यारांची जुनी पेटी ओढली आणि लोखंड कापायचा हॅकसॉ बाहेर काढला.

"कशाला?" अण्णांनी विचारलं.

"सळया."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता "हात लावायचा न्हाई" येणार, आणि आलं असतं तर मी ऐकणार नव्हते. पण त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी वर गेले.

हातानं सळई कापून बघा एकदा. पातं घसरतं, तळहात सोलतो, आणि सळई हसत उभी राहते. मी कापत राहिले. प्रत्येक ओढीला मला एकेक गोष्ट आठवत होती. गडीमाणूस पाहिजे म्हणे. ओढणीवर सिस्टीम म्हणे. बालवाडीतली परीक्षा म्हणे. लोखंडाचा आवाज कॉलममधून खाली जात असणार, खाली खाटेवर ऐकू येत असणार, हे मला माहीत होतं. जाऊ दे म्हटलं, ऐकू दे.

पहिली सळई पडली. दुसरी अर्धी झाली असताना गल्लीत मोटरसायकल थांबली. मी कठड्यावरून वाकून बघितलं, तर भाऊ! पुनावळ्याहून! ज्या माणसाला बापाला धाप लागल्यावर हायवेचा ट्रॅफिक आडवा येत होता, तो सळया कापल्याबरोबर दारात हजर. म्हणजे अण्णांनी फोन केला होता. ज्यांना पाणी मागायला दोन श्वास लागतात, त्यांनी राखून ठेवलेला श्वास मुलाला फोन करायला वापरला होता.

भाऊ जिना चढून वर आला तेव्हा मी हॅकसॉ उगारूनच उभी होते. "ये!" मी ओरडले. "ये, वाचव तुझा मजला! दुपारी कुठं होतास? बापाचे ओठ निळे पडले तेव्हा कुठं मेला होतास?"

गल्लीतली माणसं वर बघायला लागली. भाऊ घामाघूम झालेला होता. त्याच्या हातात एक पिशवी होती.

"ताई, शिव्या नंतर दे," तो म्हणाला. "आधी प्लग कुठंय ते सांग."

"कसला प्लग?"

त्यानं पिशवीतून सळया कापायचा ग्राइंडर काढला. "सोसायटीच्या प्लंबरचा मागून आणलाय. अण्णांचा फोन आला होता. म्हणाले, ती हातानं कापत बसलीय, ग्राइंडर घेऊन ये."

माझा उगारलेला हात तसाच राहिला. एवढा मोठा राग, आणि ठेवायचा कुठं तेच कळेना. हॅकसॉ तिथंच टाकून मी तडातडा खाली गेले.

अण्णा जागेच होते. फोन छातीवर पडलेला.

"कापायच्या होत्या तर मला का नाही म्हणालात?" मी विचारलं. "मी समोर उभी होते. फोन त्याला कशाला?"

"ठेवल्या... त्याच्यासाठी," ते थांबत थांबत म्हणाले. "कापायच्या बी... त्यानंच."

घ्या! मजला त्याचा, सळया त्याच्या, आणि आता त्या कापायचा मानही त्याचाच! मी आजवर त्या माणसाला उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले, आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. "आणि रंग कोण देत होतं, अण्णा? इतकी वर्षं बुडापर्यंत वाकून रंग कोण देत होतं? तेव्हा कुणाच्या होत्या त्या सळया?"

अण्णांनी डोळे मिटले. मशीन घुरघुरत होतं. वरून भावाची हाक आली, ताई, प्लग सापडला. मी दाराकडे वळले.

"तू देत हुतीस," मागून आवाज आला. मी थांबले. त्यांना पुढचं बोलायला वेळ लागला, आणि मी तो वेळ त्यांना दिला. "व्हय. तूच. मग तूच काप. त्याला... धरू दे."

मी वर गेले. भाऊ ग्राइंडर चालू करून सळईपाशी वाकला होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दे इकडं."

"ताई, ठिणग्या उडतात. तुला जमायचं नाही—"

"दे म्हटलं ना. अण्णांनी सांगितलंय. तू धर."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग जिन्याकडे बघितलं, आणि ग्राइंडर माझ्या हातात दिला. बाटली काढून ठेवली, गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या मजल्याची सळई धरली.

"नीट धर," मी म्हणाले, आणि बुडापासून कापली.